तोंड न उघडणारी माझी बायको

बायकोच्या मरणावर लिहायला बसलो आणि बायकोचं नाव लिहिता येत नाही, असा माणूस मी एकटाच असेन. इथं तिला सुमन म्हणतो. खरं नाव वेगळं. ज्या पोरीसाठी हे लपवावं लागतं तिला रेखा म्हणतो, तेही खोटं. गाव दर्यापूरच्या अंगाला कुठंतरी आहे एवढंच समजा. ओळखू येईल असं बाकीचंही बदललं आहे. माझं नाव खाली नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढं सारं आयुष्य काळी-पिवळी जीप चालवली, दर्यापूर ते अंजनगाव आणि अंजनगाव ते दर्यापूर. सुमन आशाताई होती. गरोदर बाया, लेकरांचे डोस, ताप, खोकला... सारं गाव तिच्या पिशवीत होतं. मी मात्र तिच्या पिशवीत कधी डोकावलो नाही.

सुमनला जाऊन सात आठवडे झाले. साखरेनं तिच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. अकोल्याला जठारपेठेत आमची मुलगी राहते, तिच्याकडे आम्ही दोन महिने होतो. एक दिवसाआड तिला मशीनवर न्यायचं. त्या दिवशी मशीन लागलेलं होतं, मी उशाशी बसलो होतो. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "अजी, रेखाले चावी देली ना?" आमच्या गावच्या घराची चावी. निघतानाच रेखाला देऊन ठेवली होती, तुळशीला पाणी घालायला म्हणून. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "देली वं देली! चावी आठवते तुले. मी दोन महिन्यापासून तुह्या उशाशी बसून राहिलो, मले जेवला काय म्हनून एक डाव तरी विचारलं काय?" तिचे ओठ सुकलेले. तशीच हसली. म्हणाली, "जेवले नसते तं आतापावतर सारा दवाखाना डोक्यावर घेतला असता तुमी." आणि डोळे मिटले. मी खाली पोहे खायला गेलो. प्लेट हातात होती तेव्हा मुलीचा फोन आला. "बाबा, वर या." एवढंच म्हणाली. ते मला समजलं, पण प्लेट कुठं ठेवावी ते समजेना. तिथंच पायरीवर ठेवली.

तेरवीनंतर मी गावी परतलो आणि तेव्हा मला कळलं की ती चावी तुळशीसाठी नव्हतीच. रेखाला एचआयव्ही आहे. नऊ वर्षं तिच्या गोळ्या माझ्या घरात होत्या, माझ्याच स्वयंपाकघरात, सुंठीच्या डब्यात. मला माहीत नव्हतं. आणि तिचं पहिलं लेकरू गेलं, त्यात माझाही हात आहे. तेही मला माहीत नव्हतं. सुमनला दोन्ही माहीत होतं. म्हणून हे लिहितो. तिच्यासमोर बोलायचं होतं ते आता कोणासमोर बोलू?

सुमन बाहेर तोंडाची फटकळ होती, हे आधी सांगितलं पाहिजे. उपकेंद्रात नर्सबाई यायच्या तेव्हा गरोदर बायांना घरोघरून गोळा करायचं काम तिचं. बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त घ्यायचं, त्यात हाही आजार तपासतात. सगळ्यांचाच तपासतात, एकीचा नाही. पण सासवांना वाटायचं की आमच्या सुनेवरच संशय. एक म्हातारी एकदा आमच्या ओट्यावर येऊन भांडली, "माह्या सुनेचं रगत काहाले काढलं?" सुमन भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बुढे, आमी एक थेंब घेतला. तू तं रोज पेतं तिचं." सारी आळी हसली, म्हातारीही हसली, आणि दुसऱ्या सुनेला स्वतः घेऊन आली. असं ती लोकांना हसवून काम करून घ्यायची. पण त्या थेंबातून काय निघालं ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "तुमाले जीप चालवाची हाये का गाव चालवाचं हाये?"

रेखा लग्न होऊन गावात आली तेव्हा एकोणीस-वीसची असेल. चौथ्या महिन्यात तिची तपासणी झाली, दर्यापूरला पुन्हा पक्की झाली, मग अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, ठरल्या वेळेला, जन्मभर. पोटातल्या लेकराला लागण होऊ नये म्हणून एकही चुकवायची नाही. अमरावतीला सुमन तिला घेऊन गेली ती माझ्याच जीपमधून दर्यापूरपर्यंत. मी विचारलं, काय झालं पोरीला? म्हणाली, "रगत कमी हाये." नवऱ्याला रेखानं सांगितलं. तो अकोल्याला कारखान्यात कामाला, रविवारी घरी येणारा. त्यानं तिथंच तपासून घेतलं, त्यालाही निघालं. कोणाकडून कोणाला आलं, हे सुमननं कधी विचारलं नाही असं रेखा सांगते. तो आपल्या गोळ्या कारखान्यातल्या पेटीत ठेवतो. पण रेखाच्या सासूला घरातली काडीपेटीसुद्धा कुठं आहे ते माहीत असतं. तिथं गोळ्यांची बाटली लपणार कुठं? म्हणून सुंठीचा डबा, आणि तोही आमच्या घरी.

मी पाहायचो ते एवढंच, की दिवेलागणीला ही पोरगी रोज येते. कधी विरजण मागायला, कधी कढीपत्ता, कधी नुसतीच. ती आली की सुमन मला म्हणायची, "अजी, जरा बाहीर बसा." मी ओट्यावर. आतून भांड्याचा आवाज, दोन मिनिटं कुजबुज, आणि मग सुमन तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला जायची. मला राग यायचा. "तिचे काय पाय मोडले काय? रोज कायचे सासूचे गाऱ्हाने आइकतं?" सुमन म्हणायची, "तुमी बातम्या आइका." त्या गोळीनं पोरीला गरगरायचं, म्हणून ती पोचवायला जायची. हे आता कळलं.

आठवा लागला आणि रेखाचे वडील तिला न्यायला आले. अंजनगावच्या पलीकडचं गाव त्यांचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. माझी जीप त्यांच्या दाराशी उभी होती, कारण न्यायचं मीच कबूल केलं होतं, फुकट. मला मोठेपणा वाटत होता. साडी-चोळी झाली, ओटी भरली, पोरीची ट्रंक टपावर चढली. तेवढ्यात सुमन धावत आली. रेखाच्या वडिलांना म्हणाली, "मामा, इचं बाळंतपन दर्यापूरलेच होऊ द्या. तिचे सारे कागद तथी हायेत. रगत कमी हाये पोरीचं." सासू म्हणाली, "आमच्या घरात पयलं माहेरीच होते." वडिलांचा चेहरा उतरला. गरीब माणूस. म्हणाले, "आशाताई, आमच्या घरी पोरीले खायले नाई भेटन असं वाटते काय तुमाले?" सुमन म्हणाली, "तसं नाई मामा, तसं नाई हो..." पुढं तिला बोलता येईना. ती रेखाकडे पाहत होती, रेखा खाली पाहत होती. आठ-दहा बायामाणसं जमलेली. बायको चारचौघांत लोकांच्या घरात नाक खुपसते आहे याची मला लाज वाटली. मी स्टिअरिंगवरून ओरडलो, "मामा, बसा जा तुमी गाडीत. हिचं काय आइकता? दर्यापूरले बाळंतपन झालं का हिले कमिशन भेटते!"

सगळे हसले. वडीलही हसले, मोकळे झाले बिचारे. आशाताईंना सरकारकडून बाळंतपणामागे काहीतरी मिळतं हे साऱ्या गावाला माहीत होतं, आणि ते किती थोडं असतं हे मला सर्वांत जास्त माहीत होतं. सुमनचं तोंड मिटलं ते मिटलंच. आता ती एक शब्दही बोलली असती तर तो कमिशनसाठीच झाला असता. ती घरी गेली, सुंठीचा डबा घेऊन परत आली, आणि रेखाच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "रोज दिवेलागनीले खाजो. इसरू नको. आन् पोट दुखाले लागलं का पयले मले फोन कर." मी म्हटलं, "सुंठ काय फक्त आपल्याच घरी हाये?" आणि गाडी चालू केली. रस्ताभर मी पोरीच्या वडिलांना सांगत होतो की आमची मंडळी मनानं चांगली आहे, फक्त हिला नोकरीचा कैफ चढतो कधी कधी.

पुढचं रेखानं सांगितलं. तिची चुलती तिकडच्या उपकेंद्रात कामाला होती. सुमननं रेखाला आधीच विचारलं होतं, "तिकडच्या नर्सबाईले मी सांगून ठेवू काय?" रेखानं तिचा हात आपल्या पोटावर ठेवून शपथ घातली, की चुलतीच्या कानावर गेलं तर मी विहीर जवळ करीन. सुमननं शपथ पाळली. माहेरच्या घरात अकरा माणसं. डबा तिच्या आईनं फडताळात वर ठेवून दिला. सगळ्यांसमोर रोज उठून तो काढायचा, तर काय सांगून? कधी जमायचं, कधी दोन-दोन दिवस जमायचं नाही. दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. फोन भावाकडे, भाऊ वावरात. चुलतीनंच पुढं होऊन उपकेंद्रात बाळंतपण करवलं, कौतुकानं. मुलगी झाली. जन्मल्याबरोबर लेकराच्या तोंडात एक औषध घालावं लागतं आणि ते कित्येक आठवडे रोज द्यावं लागतं. ते मागायला तोंड उघडायला पाहिजे होतं. रेखा सांगते, "काका, चुलती माह्या उशाशीच होती. तिनं माह्या तोंडावरून हात फिरवला, आन् मी गप राह्यलो."

सुमनला चौथ्या दिवशी कळलं, तेही माझ्याकडून. अंजनगावच्या स्टँडवर मला रेखाचा भाऊ भेटला आणि त्यानं पेढा दिला. मी घरी येऊन तो पेढा सुमनच्या हातावर ठेवला. म्हटलं, "घे, कमिशन बुडालं तुहं." तिनं पेढा ओट्यावर ठेवला, पायात चपला घातल्या आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. "चाला," म्हणाली. मी म्हटलं, आत्ता? जेवण? ती समोरच्या काचेतून पाहत राहिली. लेकराला कावीळ दिसते असं सांगून तिनं मायलेकींना त्याच दिवशी अमरावतीला हलवलं. औषध सुरू झालं. पण उशीर झाला होता. दीड महिन्यानं लेकराच्या टाचेतून रक्त घेऊन कागदावर ठिपके दिले, आणि आलं ते वाईटच आलं. मोठी औषधं सुरू केली. पाचव्या महिन्यात लेकराला न्यूमोनिया झाला आणि दोन दिवसांत ते गेलं. गाव म्हणालं, थंडी बाधली.

त्या दिवशी सुमन रेखाच्या घरून आली, न्हाणीघरात गेली, आणि बाहेर येईना. मी दार वाजवलं. बाहेर आली तेव्हा केस कोरडेच होते. मी आपला समजूत काढायला म्हणालो, "लोकाईचं लेकरू हाये. तू आशा हायेस, देव नाई. कितीक जीवाले लावून घेतं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तसं तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, मला शिवी देईल. तिनं विचारलं, "भात टाकू का भाकर?"

मी आता रोज तो चेहरा आठवतो. "तुमच्या एका गमतीनं माहं तोंड बंद झालं," एवढं वाक्य तिच्या ओठांवर असणार. म्हणाली असती तर रेखाचं गुपित फुटलं असतं, हे एक. पण ते कारण तेवढंच नसावं. मी कसा माणूस आहे ते तिला माहीत होतं. हे मला पेललं नसतं. म्हणून नऊ वर्षं तिनं ते एकटीनं वाहिलं. आणि मी त्या नऊ वर्षांत तिला कमिशनवाली म्हणूनच हाक मारत राहिलो. लग्नकार्यांत सुद्धा. लोक हसायचे. ती पण हसायची.

रेखाला पुढं मुलगा झाला. त्या वेळी सुमननं कोणाचं चालू दिलं नाही. पोरीचं सातव्या महिन्यातच दर्यापूरच्या दवाखान्यात नाव लावलं, आणि नववा लागताच तिथंच भाड्याच्या खोलीत स्वतः तिच्यासोबत जाऊन राहिली, महिनाभर. मी घरी हातानं भाकरी करून खाल्ली आणि तिला फोनवर शिव्या घातल्या. मुलाचं रक्त दीड वर्षाचा होईस्तोवर पुन्हा पुन्हा तपासलं, शेवटपर्यंत स्वच्छ निघालं. तो आता शाळेत जातो. तपासणीचा शेवटचा कागद आला त्या दिवशी सुमननं मला न सांगता शिरा केला होता. मी विचारलं, काय आहे आज? म्हणाली, "रवा उरला होता."

तेरवी झाल्यावर तिसऱ्या दिवशी रेखा आली. चावी परत दिली. मग स्वयंपाकघरातून सुंठीचा डबा काढला, माझ्यापुढे ठेवला, झाकण उघडलं आणि सगळं सांगितलं. रडली नाही. मी रडलो. म्हटलं, "पोरी, मले मालूम नोतं." ती म्हणाली, "तुमाले कोठून मालूम असन काका. काकूनं मरेपावतर सांगतलं नाई." मला माफी मागायची होती, पण तिनं आधीच देऊन टाकली आणि ती माझ्या काही कामाची नाही.

मुलीकडे अकोल्याला गेलो तेव्हा एका डॉक्टरला विचारलं, माणसाचं नाव न घेता. आईनं शेवटपर्यंत गोळ्या घेतल्या असत्या आणि लेकराला वेळेवर औषध मिळालं असतं, तर? तो म्हणाला, "बहुतेक वेळा लेकरू वाचतं बाबा." मी म्हटलं, बहुतेक म्हणजे? तो म्हणाला, "एका लेकराचं खातरीनं कोण सांगणार?" म्हणजे मी सुटलोही नाही आणि अडकलोही नाही. असंच राहायचं.

डब्याचं मी रेखाला म्हटलं होतं, "हा इथंच राहू दे. तू येत जा तशीच. मी बाहीर बसतो." तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "काका, काकू होती तं कोनी काही म्हनत नोतं. आता एकट्या मानसाच्या घरी मी रोज दिवेलागनीले येईन, तं गाव काय म्हनन?" मी उभा जन्म हेच वाक्य लोकांना ऐकवत आलो. तिनं डबा पदराखाली घेतला. "कोठं ठेवशीन?" म्हटलं. "पाहीन," म्हणाली.

त्याला महिना झाला. ती मला पिठाच्या गिरणीवर दिसते, नळावर दिसते. डोक्यावर पदर घेते आणि बाजूनं जाते. गेल्या आठवड्यात मला ती वाळलेली वाटली. वाटलंच असेल, किंवा खरंच. गोळ्या घेतेस काय, एवढं विचारायचं आहे, पण रस्त्यात विचारायची सोय नाही, आणि तिच्या घरी जाऊन कोणत्या तोंडानं काय सांगू? बोललो तर तिचं घर मोडेल. नाही बोललो आणि तिनं सोडल्या असल्या, तर... एकदा बोलून एक जीव गेला, आता गप्प बसून दुसरा जाईल काय? सुमनला हे कसं समजायचं, केव्हा बोलायचं आणि केव्हा नाही? की तिलाही समजत नव्हतं, आणि ती नुसती कुढत होती?

परवा ठरवलं, की नव्या आशाताईला सांगायचं. सुमनच्या जागी आली ती, तरुण आहे, हुशार आहे, हे सांभाळायचं तिचं कामच आहे. तिच्या घरी गेलो. ओट्यावर रेखाची सासू बसलेली, तिच्याशी बोलत तूर निवडत होती. दोघींनी वर पाहिलं. "या काका, काय काम होतं?" सासू म्हणाली, "बसा जा भाऊ. सुकून गेले तुमी वैनी गेल्यापासून." मी उभाच राहिलो. मग म्हणालो, "काही नाई. जरा बीपी पाह्य माहं."

तिनं आतून पिशवी आणली. सुमनचीच पिशवी, सरकारनं तिला दिलेली. बीपीच्या पट्ट्याची पकड कधीची गेली होती, त्यावर सुमननं आपल्या पोलक्याचे दोन हूक शिवून घेतले होते, काळ्या दोऱ्यानं, गच्च. नवी पोरगी ते हूक लावू लागली. पट्टा दंडावर आवळत गेला. मी तोंड उघडलं, काय बोलणार होतो ते मलाही ठाऊक नाही.

"काका, मापेपावतर बोलू नका," पोरगी म्हणाली.

म्हटलं, "नाई बोलत."